बारकीची खोली : ८८ बाय ८२

मी कटिंग मास्तर आहे. सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणारे कारखाने पुष्कळ, त्यातल्या एकात अठरा वर्षं टेबलाशी उभा राहून कापड कापतोय. त्यामुळे खोलीची मापं मी इंचातच सांगणार. फुटात बोलायला लागलं की माणूस ‘साधारण सात बाय सात’ म्हणून मोकळा होतो, आणि बारक्या खोलीत सगळा घोळ त्या ‘साधारण’नंच होतो.

आमचं घर पूर्व भागातलं, जुनं. आधीच्या मालकाचे माग होते आणि ही खोली म्हणजे त्याची सुताचे गठ्ठे आणि कांड्या ठेवायची जागा. लांबी ८८ इंच, रुंदी ८२. जेमतेम ५० चौरस फूट. आम्ही राहायला आल्यावर तिथं पाण्याचं पिंप, बिघडलेलं शिलाई मशीन, माझ्या आईची ट्रंक आणि तीन वर्षांचे आकाशकंदील असा संसार गोळा झाला. लेक, म्हणजे आमची बारकी, दुसरीत गेली तेव्हा वर्गातल्या मैत्रिणीच्या घरी जाऊन आली आणि जेवताना म्हणाली, “माझी खोली कुठली?” माझी आई म्हणाली, “सगळं घर तुझंच की गं.” त्यावर बारकीनं जे तोंड केलं ते बघून मी दुसऱ्या दिवशी टेप घेऊन त्या खोलीत शिरलो.

कापड कमी असलं की आम्ही कात्रीला हात लावत नाही. आधी मार्कर काढतो. त्या पन्ह्यात पाठ कुठं बसेल, बाही कुठं, कॉलर कुठल्या खाचेत जाईल, हे कागदावर आखायचं. एकदा कात्री चालली की परतीची वाट नाही. हे रोज करणारा माणूस मी, पण लेकीच्या खोलीला मात्र मार्कर न काढताच कात्री लावली. म्हणजे आधी जाऊन पलंग आणला.

पलंगानं काय केलं

छान पलंग होता. ७५ बाय ३६, खाली दोन ड्रॉवर. दुकानदार म्हणाला, लहान खोलीला ड्रॉवरवालाच घ्या, जागा वाचते. घरी आणून ८८ च्या भिंतीला लावला. ८२ मधून ३६ गेले, उरले ४६. ड्रॉवर उघडला की आणखी १८ गेले, उरले २८. त्या २८ इंचांत पोरगी उभी राहून ड्रॉवरमध्ये वाकणार, आणि तेवढ्यात कुणी दार ढकललं तर दार तिच्या पाठीत. ड्रॉवर किती खोल ते सगळे बघतात, तो उघडायला समोर किती मोकळं लागतं ते कुणी मोजत नाही. सहा महिन्यांत तो पलंग निम्म्याहून कमी किमतीला गेला.

पण तो गेला त्या संध्याकाळी एक गोष्ट दिसली. रिकाम्या खोलीत बारकी पालथी पडून वही रंगवत होती. पाय हवेत. मग तिनं बाहुल्यांची शाळा मांडली, ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. आई भाजी निवडायला तिथंच येऊन बसली. सहा महिन्यांत त्या खोलीत जेवढा वावर झाला नव्हता तेवढा एका तासात झाला. सात वर्षांचं पोर जागेपणी पलंग वापरतच नाही. ते फरशी वापरतं. तेव्हा ठरवलं की यापुढं जे काही करायचं ते दिवसा फरशी मोकळी ठेवून करायचं. खाली जे लिहिलंय ते सगळं त्या एका हट्टापायी आहे.

आधी खडू

सामान आणायच्या आधी खोली पूर्ण रिकामी करा. पूर्ण म्हणजे पूर्ण. आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे पिंप हलवायचं म्हटल्यावर घरात दोन दिवस बोलणं झालं. पण उघड्या पिंपाशेजारी लहान पोर झोपवायचं नाही, यावर मी अडून बसलो. पिंप मोरीच्या बाहेर गेलं, त्याला घट्ट झाकण आलं. आकाशकंदील तीनांचा एक झाला.

मग शिंप्याचा खडू घ्या, साधा शाळेचाही चालेल, आणि जे जे ठेवायचं मनात आहे ते फरशीवर खऱ्या मापात आखा. कपाट, बिछाना, टेबल. दाराचं पातं उघडताना जिथून फिरतं तो पाव गोलही काढा. आमचं दार ३० इंचांचं, आत उघडणारं. त्याचा तो पाव गोल मोजला तर जवळजवळ ५ चौरस फूट भरला. खोली ५० ची, म्हणजे दहावा हिस्सा दारानं खाल्लेला, आणि तिथं कधीच काही ठेवता येणार नाही. दार बाहेर उघडेल असं फिरवून घेतलं. चौकटीची खाच आतल्या बाजूला असते, ती सुताराकडून पट्टी मारून बदलावी लागते. अर्ध्या दिवसाचं काम. बाहेर बोळात दार कुणाला लागणार असेल तर सध्या पडदा लावा. मूल लहान आहे तोवर पडद्यानं अडत नाही, दहा-अकरा वर्षांनंतर मात्र अडतं. तेव्हा सरकतं दार बसवायचं, पण त्याला बाहेरच्या भिंतीवर दाराएवढीच रिकामी जागा लागते. ती आत्ताच राखून ठेवा, तिथं देवघर ठोकू नका.

खडूच्या रेघा चार दिवस तशाच ठेवा आणि पोराला त्यात वावरू द्या. बारकी रेघेवरून उडी मारून जायला लागली की कळायचं, इथं वाट अरुंद झाली. कागदावरच्या नकाशानं हे मला कधीच सांगितलं नसतं.

माचा का नाही केला

लहान खोली म्हटली की प्रत्येक जण सांगतो, वर झोपायचा माचा करा, खाली अभ्यासाचं टेबल. चित्रात फार गोड दिसतं. मीही फॅब्रिकेशनवाल्याकडं जाऊन पाइपाचा भाव विचारून आलो होतो. मग घरी येऊन बेरीज केली.

आमचा स्लॅब ११४ इंचांवर. पंख्याचं पातं १०२ वर फिरतं. माचा ६० वर घेतला तर खाली मोठ्या माणसाला वाकून का होईना शिरता येतं. त्यावर ४ इंचांची गादी, म्हणजे ६४. बारकी ४८ इंच उंच. ती गादीवर नुसती उभी राहिली तर डोकं ११२ वर. पातं १०२ वर. यापुढं बोलायची गरज नाही. पंखा काढून भिंतीवर लावला तरी डोकं आणि स्लॅब यांत दोनच इंच उरतात. सहा वर्षांच्या आतल्या मुलांना तर वरच्या पलंगावर झोपवूच नका असं बालरोगतज्ज्ञही सांगतात.

आणि पंख्याचा प्रश्न सुटला तरी आपलं गाव सोलापूर आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो, स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता खाली सोडत बसतो. गरम हवा वरच साचते. म्हणजे घरातल्या सगळ्यात लहान माणसाला आपण भट्टीच्या तोंडाशी झोपवणार. आमची आई उन्हाळ्यात फरशीला पाठ लावून झोपते, तिला हे न शिकवताच कळलेलं आहे. तुमच्या वर आणखी मजला असेल आणि स्लॅब १२० च्या पुढं असेल, तर मोठ्या मुलासाठी माच्याचा विचार करा. माझ्या घरात तो बसत नाही.

तीन पेट्या

मग मी ते केलं जे मला येतं. मार्कर काढला. झोपायला ७२ बाय ३० पुरे, चौदा-पंधरा वर्षांपर्यंत सहज. ७२ चे तीन भाग करा, २४-२४-२४. म्हणजे २४ बाय ३० च्या तीन पेट्या. रात्री ओळीनं लावल्या की पलंग, दिवसा सुट्या. उंची १२ इंच ठेवली, कारण ४८ इंच उंचीच्या पोराचे पाय बसल्यावर नीट जमिनीला टेकायला साधारण तेवढीच बैठक लागते. बारकीला भिंतीशी बसवून गुडघ्याच्या मागपर्यंत टेप लावून बघितला, १२ आणि वर एक बोट आलं. तुम्हीही आपल्याच पोराचं माप घ्या. गणवेशात वयावर माप धरणारा मास्तर जूनमध्ये शिव्या खातो.

लागतं काय, तर १२ मिलिमीटर प्लायचे दोन ताव. एक ताव ९६ बाय ४८ चा असतो. पहिल्या तावात २४ बाय ३० चे सहा तुकडे बसतात: ४८ च्या रुंदीत दोन, ९६ च्या लांबीत तीन. तीन तळ, तीन झाकणं. दुसऱ्या तावाच्या ११ इंची चार लांब पट्ट्या करायच्या. दोन पट्ट्यांतून ३० चे तीन-तीन, म्हणजे लांब बाजू सहा. तिसरीतून २३ चे चार, चौथीतून २३ चे दोन, म्हणजे आखूड बाजू सहा. आखूड बाजू २४ नाही, २३ घ्यायची, कारण ती दोन लांब बाजूंच्या मध्ये बसते आणि दोन्हीकडून अर्धा-अर्धा इंच प्लायच्या जाडीत जातो. चौथ्या पट्टीचा सुमारे ४९ बाय ११ चा तुकडा उरतो. तो टाकू नका, पुढं लागतो.

आता माझी फजिती. मार्कर घेऊन मी रुबाबात सुताराकडं गेलो, कमीत कमी कतरण निघेल अशी कटिंग. त्यानं पहिला ताव मधोमध कापला आणि माप घेतलं, तर एक बाजू २४ आणि दुसरी एक सूत कमी. मी म्हटलं, तुझी करवत वाकडी चालली. तो हसला. “मास्तर, तुमची कात्री कापड खात नाही. आमची करवत प्लाय खाते. एक सूत तिचं.” सुताराच्या भाषेत सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुताच्या खोलीसाठी चाललेलं काम आणि सुतानंच घात केला. शेवटी कमी भरलेले तिन्ही तुकडे त्यानं झाकणाला घेतले. झाकण सूतभर लहान असलेलं बरंच, अडकून बसत नाही. तेव्हा प्लायवर आखताना प्रत्येक कापाला एक सूत मार्जिन धरा.

पेटीत पोर कधी ना कधी शिरणारच. ‘आमचं नाही शिरत’ म्हणू नका. म्हणून झाकणाला बिजागरी लावली नाही; बिजागरीचं जड झाकण बोटांवर आपटतं. झाकण नुसतं वर ठेवायचं, खालून दोन पट्ट्या मारल्या की सरकत नाही, आणि मधोमध बोट घालून उचलायला एक भोक. शिवाय प्रत्येक पेटीच्या दोन्ही आखूड बाजूंना इंचाची दोन-दोन भोकं, हवेसाठी. ही भोकं सुतार करणार नाही, त्याला दिसायला बरी वाटत नाहीत. उभं राहून करून घ्या. सगळे कोपरे पॉलिश पेपरनं गोल करा. रात्री पेट्या एकमेकींपासून सरकू नयेत म्हणून बाजूला एकेक आकडा लावला. खाली आधी नमदा, म्हणजे जाड लोकरी कापड, चिकटवला होता. फरशी पुसली की तो ओला राहायचा आणि जुन्या घरात ओल म्हणजे वाळवीला आवतण, म्हणून तो काढून नायलॉनच्या गुंड्या ठोकल्या.

नव्या प्लायला आणि रंगाला उग्र वास येतो. पेट्या तयार झाल्या तरी आठ-दहा दिवस झाकणं काढून हवेशीर सावलीत ठेवा, मगच त्यात पोराचे कपडे घाला. बारकीनं हे दहा दिवस रोज गच्चीत जाऊन पेट्यांची हजेरी घेतली.

एक पेटी रिकामी १३-१४ किलोची भरते. रोज उचलून एकावर एक कोण ठेवणार? खरं सांगायचं तर आम्ही रोज नाही ठेवत. शाळेच्या दिवसात दोन पेट्या भिंतीला आणि एक खिडकीखाली ढकलतो, तेवढं बारकीसुद्धा पाय लावून करते. रविवारी आणि सुट्टीत दोन एकावर एक कोपऱ्यात जातात आणि फरशी जवळजवळ सगळी मोकळी होते. जानेवारीत सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे येतात तेव्हा पेट्या बाहेरच्या खोलीत बसायला येतात आणि आतल्या फरशीवर चार पोरं आडवी झोपतात.

आईला आधी हे पटलंच नव्हतं. “का रं, लेकीला पेट्यांवर झोपवतोस व्हय?” आता दुपारची तीच त्यावर बसून शेंगा सोलते.

गादी

फोमच्या दुकानातून २४ बाय ३० चे ४ इंच जाडीचे तीन तुकडे कापून आणा. कापसाची गादी हवी असेल तर पिंजाऱ्याला तीन तुकड्यांतच भरायला सांगा. खोळ मात्र एकच शिवायची, मधल्या दोन जोडांवर फक्त कापडाची घडी ठेवून, एक जोड वरच्या बाजूला आणि दुसरा खालच्या. म्हणजे गादी साडीच्या निऱ्यांसारखी मागे-पुढे दुमडते. दिवसा ती तिहेरी घडी पेटीवर ठेवली की बसायला गुबगुबीत खुर्ची.

खोळीची वरची बाजू मी सोलापुरी चादरीची केली, खालची मांजरपाटाची. बाजारात जाऊन पडद्या-सोफ्याचं कापड घेण्यापेक्षा आपल्या गावची चादर जास्त टिकते, आणि जकार्डची नक्षी असल्यामुळे शाईचा डाग लपतो. फक्त एक करा: चादर आधी दोनदा धुऊन, वाळवून मग कापा. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. आटायच्या आधी शिवलेली खोळ पुन्हा फोमवर चढत नाही, ही फजिती माझी नाही, शेजाऱ्यांची.

महिन्यातून दोनदा गादी गच्चीत उन्हात. आणि घर जुनं दगडी असेल तर फरशी आणि भिंतीच्या सांध्यातल्या सगळ्या भेगा पांढऱ्या सिमेंटनं बुजवा, दाराखाली ब्रशची पट्टी लावा, रोज रात्री अंथरूण झटका. विंचू आमच्या गल्लीत दर पावसाळ्यात कुणाच्या तरी घरात निघतोच. पेट्यांमुळे अंथरूण फरशीपासून १२ इंच वर राहतं, हा एक आधार.

कपडे, पुस्तकं

बाजारातलं कपाट २२-२४ इंच खोल असतं, कारण ते मोठ्या माणसाच्या हँगरसाठी केलेलं असतं. दुसरीतल्या पोराचा फ्रॉक २६ इंच लांब, घडी केली तर आठ बाय दहा. त्याला २४ इंच खोल कपाट कशाला? मागच्या बारा इंचांत गेल्या वर्षीचे, आता न होणारे कपडे जमतात, एवढाच त्याचा उपयोग. मी समोरच्या भिंतीला १२ इंच खोल, ४८ रुंद मांडणी केली. पेट्या ३०, मांडणी १२, मध्ये रात्रीसुद्धा ४० इंचांची वाट राहते.

मांडणीच्या फळ्या पक्क्या ठोकू नका. खाचेच्या लोखंडी पट्ट्या मिळतात, त्यात ब्रॅकेट अडकवून फळी हवी तेवढी वर-खाली करता येते. गणवेशात आम्ही खाली जादा दुमड ठेवतो, दर जूनला उसवून खाली सोडायला. खोलीही तशी वाढत्या अंगाची पाहिजे. बारकीचा हात वर करून ५८ इंचांपर्यंत पोचतो. तिच्या रोजच्या वस्तू त्याच्या बऱ्याच खाली, खेळणी आणि पुस्तकं २४ च्या आत, कपडे त्यावर. ५८ च्या वर आमचं सामान: रजया, आईची ट्रंक माळ्यावर. गणवेश आणि दप्तर मांडणीत नको, दाराशेजारी ४० इंचांवर तीन खुंट्या मारा. पोर घरी आल्यावर दप्तर जिथं टाकतं तिथंच खुंटी मारायची. जिथं टाकावं असं आपल्याला वाटतं तिथं मारून उपयोग नाही, दोन वर्षं ओरडून बघितलंय.

मांडणी भिंतीला वर-खाली एल-अँगलनं बांधलीच पाहिजे. बारा इंच खोल आणि उंच वस्तू पोर चढलं की अंगावर येते. आमची भिंत मातीच्या जोडाची, ड्रिल मारलं की नुसती भुकटी, प्लग फिरत राहतो. तिथं चार ठिकाणी भिंत खोदून सागवानी गुटके सिमेंटात बसवले, ते तीन दिवस सुकू दिले आणि मग त्यात स्क्रू मारला. नवीन घर असेल तर हा त्रास नाही.

मघाचा ४९ बाय ११ चा तुकडा बिछान्याच्या वर, ३० इंचांवर लावला आणि पुढून एक इंची पट्टी मारली. त्यावर पुस्तकं उभी न ठेवता चित्र दिसेल अशी मांडायची. सात-आठच बसतात. तेवढीच वाचली जातात, बाकीची पेटीत. महिन्यानं अदलाबदल केली की जुनी पुस्तकं नवी होतात.

अभ्यासासाठी १८ बाय ३० ची घडीची फळी खिडकीखाली २२ इंचांवर लावली. समोर पेटी ओढली की टेबल-खुर्ची. मोठ्या हौसेनं लावली. बारकी अभ्यास फरशीवर पालथी पडूनच करते, आणि त्या फळीवर बाहुल्यांच्या शाळेची मोठ्या बाई बसते. परीक्षेच्या आठवड्यात वापरते कधी कधी.

ऊन

खिडकी पश्चिमेला, २४ बाय ३०. दुपारी तीननंतर ऊन थेट आत. आतून जाड पडदा लावून फार फरक पडत नाही, कारण काच ओलांडून उष्णता आत आलेलीच असते. ऊन काचेच्या बाहेर अडवा. आम्ही छज्ज्याला हिरवी शेडनेट बांधली, काचेपासून हातभर पुढं, म्हणजे मधून वारा फिरतो. गच्चीवर दर फाल्गुनात चुन्यात फेविकॉल कालवून दोन हात मारतो. मेमध्ये दुपारी चुना मारलेल्या भागावर अनवाणी पाऊल ठेवता येतं, न मारलेल्यावर येत नाही. मीटर लावून बघायची गरज नाही.

कूलर त्या खोलीत ठेवू नका. तो जागा खातो, आणि बंद खोलीत दमट हवाच फिरवत राहतो, दोन तासांत अंथरूण चिकट होतं. कूलर बाहेरच्या खोलीत खिडकीला, बारकीचं दार उघडं आणि तिची खिडकी चार बोटं उघडी. हवा तिच्या खोलीतून बाहेर जाते, जाताना गारवा देते. पंखा ४८ ऐवजी ३६ इंचांचा लावला, एवढ्याशा खोलीला पुरतो.

रंग पांढरा, छताला आणि तीन भिंतींना. चौथी तिला विचारून. तिनं जांभळा सांगितला. बायको म्हणाली खोली अंधारेल, आणि थोडी अंधारलीच. पण त्यावर मी बोलणार नाही.

सामान पुन्हा भरतं, त्याचं काय

भरतंच. गड्ड्यावरून एकदा येताना पिपाणी, प्लास्टिकचा भातुकलीचा सेट आणि हवा भरायचा हत्ती आला. हत्ती फुगवल्यावर खोलीत आम्ही तिघं मावेनात. तेव्हापासून हिशेब असा: पहिली पेटी अंथरुणाची, दुसरी खेळण्यांची, झाकण बसलं पाहिजे. बसत नसेल तर एक वस्तू कुणाला तरी द्यायची, कुठली ते तिनं ठरवायचं. पहिल्यांदा तिनं माझी टेप काढून दिली.

तिसरी पेटी फक्त तिची. ती आम्ही उघडत नाही, साफही करत नाही. मागच्या आठवड्यात त्यातून मुंग्यांची ओळ निघाली तेव्हा मी बाहेर उभा राहून हाक मारली आणि तिनं आतून कडक भाकरीचा तुकडा काढून दिला. पन्नास चौरस फुटांत आई, बाप, आजी सगळ्यांची ये-जा असताना पोराला दार लावून बसता येत नाही, निदान एक झाकण तरी त्याचं असावं.

परवा तिनं त्या पेटीला कडी मागितली. मी म्हटलं, बाहेरून लावतो, पण कुलूप नाही, आणि कुणी आत बसलं असताना लावायची नाही. तिनं मान डोलावली आणि स्वतःच टेप आणून हवेच्या भोकापासून कडेपर्यंतचं अंतर मोजलं. नऊ इंच आणि तीन सूत, म्हणाली. मी पुन्हा मोजलं. दोन सूत होतं.